येळवस : सगळ्या घरानं रान बघायचा दिवस

या पानावर आपण एरवी खत, बियाणं, फवारणी आणि योजनांचे अर्ज याबद्दल बोलतो. आज तसलं थोडंच आहे. आजचा विषय येळवस. तुम्ही म्हणाल, येळवस आता साहेबांनी आम्हाला शिकवायची का? बरोबर आहे, सण तुमचा आहे आणि मीही याच काळ्या मातीतला आहे. पण नोकरीच्या निमित्तानं गावोगाव फिरताना एक गोष्ट वारंवार दिसते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२०२१ च्या ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतात उभं राहायचं, मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. काम सोपं आहे. पण पुण्याला, हैदराबादला नोकरीला असलेली काही मंडळी सुट्टी काढून गावी येतात आणि मला विचारतात, "साहेब, आमचं रान नेमकं कुठून कुठपर्यंत आहे?" सातबारावर नाव आहे, गट नंबर तोंडपाठ आहे, पण बांध माहीत नाही. मग ज्याला रान बटईनं दिलंय तो पुढं चालतो आणि मालक मागं. यात त्या पोरांना नावं ठेवायचं कारण नाही. लहानपणी त्यांना शाळेत घातलं, शिकवणी लावली, वसतिगृहात ठेवलं, रानात मात्र कुणी नेलं नाही.

याउलट ज्या घरातली येळवस मोडलेली नाही, त्या घरातलं पाचवीतलं पोरगं विचारा. ते हात करून सांगतं, "ती वाकडी बाभळ दिसती का? तिथून त्या लिंबापर्यंत आमचं. मधला दगड काकांचा." त्याला हे कुणी पाठ करून घेतलेलं नसतं. त्या बाभळीला त्याचा झोका बांधलेला असतो, म्हणून ते त्याला माहीत असतं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी दोन शब्द. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव जिल्ह्यांत आणि सोलापूर, नांदेडच्या काही भागांत ही वेळ अमावास्या असते. बोलण्यात ती येळवस होते. पलीकडं बिदर, कलबुर्गीकडं तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ, आणि आपल्या पानात तिळाची पोळी असते ती उगीच नाही. रानात अन्न शिंपण्याला आपण 'चर शिंपणं' म्हणतो, कानडी शेतकरी 'चरग' म्हणतो. १९५६ साली भाषावार राज्यं झाली तेव्हा बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके इकडं आले आणि बाकीचे बहुतेक तिकडं राहिले. सणाला त्याची खबरही नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना त्या दिवशी गावं ओस आणि रानं भरलेली. लातूर जिल्ह्यात तर जिल्हाधिकारी या दिवसाची स्थानिक सुट्टी जाहीर करतात. शहरातली बाजारपेठ दुपारी इतकी सामसूम असते, की नवखा माणूस विचारतो, बंद कशाचा आहे?

सण सुरू होतो तो आदल्या रात्री, शेंगांच्या ढिगापाशी. तुरीच्या, पावट्याच्या, वाटाण्याच्या शेंगा आणि हरभऱ्याचे ओले घाटे यांचा मधोमध ढीग आणि भोवती सगळं घर. आज्जी, चुलत्या, आत्या, पोरंटोरं. कुणाची वाटी आधी भरते त्याची शर्यत लागते. दाणे तोंडात टाकणाऱ्याला शिक्षा म्हणून आणखी एक ओंजळ शेंगा. याच दाण्यांची दुसऱ्या दिवशी भज्जी होते. पाव्हण्यांनी लक्षात घ्यावं, ही तळलेली भजी नव्हे. मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर, मिळेल तो पाला आणि हे सगळे दाणे शिजवून, चिंच घालून, बेसन लावून केलेली दाट पातळभाजी ती. पुण्याकडचे एक पाव्हणे भज्जी म्हटल्यावर बराच वेळ कढईची वाट बघत बसले होते, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. तिच्यासोबत बाजरीचे किंवा ज्वारीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याची नाहीतर तिळाची पोळी, आणि ताकात आंबवलेलं, लसूण घातलेलं ज्वारीचं आंबील.

इथं मला एक बोलायचं आहे, बापेमंडळींनी रागावू नये. हा स्वयंपाक दोन दिवसांचा असतो आणि अजूनही बहुतेक घरांत तो बायकांच्याच अंगावर पडतो. सणादिवशी आपण बिंदगं डोक्यावर घेऊन ऐटीत पुढं चालतो, आणि पहाटे तीनला उठलेली माउली मागून टोपलं घेऊन येते. निदान शेंगा सोलायला तरी बसा. खेळच आहे तो, कमीपणा कसला?

आता सणादिवसाचं. सकाळी रानात पोचलं की कोप करायची. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या वर एकमेकींना टेकवून बांधायच्या, वरून साडी नाहीतर शाल पांघरायची. आत चुना-काव लावलेले पाच खडे, हे पांडव. पूजा झाली की बिंदग्यातलं आंबील शिंपत कोपीला आणि रानाला फेऱ्या. पुढचा हाळी देतो, मागची पोरं त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडतात. ती हाळी इथं लिहीत नाही. प्रत्येक घराची थोडी वेगळी असते, तिच्यात कानडी शब्द मिसळलेले असतात आणि निम्म्या पोरांना अर्थ कळत नाही. त्यांचं काही अडत नाही. वर्षातून एक दिवस बापाच्या परवानगीनं, बापासकट, घसा बसेपर्यंत ओरडायला मिळतं, हे त्यांना पुरतं.

मग दुधाचं बोळकं चुलीवर ठेवून ते कुठल्या दिशेला उतू जातं ते बघायचं आणि त्यावरून पुढच्या सालाच्या पावसाचा अंदाज बांधायचा. कृषी विभागाचा माणूस म्हणून सांगायला हवं, की याला शास्त्राचा आधार नाही. पेरणी हवामान खात्याच्या अंदाजावर आणि जमिनीतल्या ओलीवरच करा. पण बोळक्याभोवती नातवंडं दम धरून बसलेली असतात, आजोबा म्हणतात पूर्व, नात म्हणते उत्तर, आणि दूध दोघांनाही खोटं पाडतं. ते बघितल्यावर मी तिथं शास्त्र सांगायला जात नाही.

जेवणं झाली की मोठी माणसं लवंडतात. तिथं जरा थांबा. त्या दिवशी रब्बीची पिकं नेमकी बघण्यासारखी असतात. पेरणीच्या वेळेप्रमाणं ज्वारी निसवलेली किंवा दाण्यात दूध भरत असलेली, हरभरा फुलात नाहीतर घाट्यात, तूर पक्व होत आलेली. वर्षभर एकटा माणूस बघतो ते रान त्या दिवशी वीस डोळे बघतात. त्याचा उपयोग करून घ्या. पोरांच्या दोन टोळ्या करा. प्रत्येकीला हरभऱ्याच्या तासातलं एक मीटर अंतर मोजून द्या आणि त्यात घाटेअळ्या किती सापडतात ते शोधायला लावा. रानात असं पाच-सहा ठिकाणी करा. मीटरभर ओळीत सरासरी एक-दोन अळ्या निघाल्या तर नुकसानीची पातळी गाठली असं समजायचं आणि फवारणीचं ठरवायचं. फुलोरा नुकताच लागत असेल तर पाच टक्के निंबोळी अर्कानं भागतं. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावले असतील तर त्यात अडकलेले पतंगही पोरांनाच मोजू द्या. हेच काम मी शेतीशाळेत शिकवतो तेव्हा निम्मी मंडळी जांभया देतात. पोरं मात्र घाट्यातून अळी ओढून काढतात आणि चुलतीच्या अंगावर टाकायला पळतात. हरभऱ्याच्या पाल्याची आंब बोटांना लागून बोटं तोंडात गेली की तोंड कसं होतं, हेही त्यांना तिथंच कळतं.

आता जरा अवघड गोष्ट. माझ्या फिरतीच्या एका गावात तिघं भाऊ आहेत. बापामागं वाटण्या झाल्या, मग दोघांत बांधावरून लागलं, मोजणी झाली, तारखा सुरू झाल्या. बोलणं बंद. पण म्हातारी होती तोवर येळवशीला कोप एकच. तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "तुमचं कोर्ट तुमच्यापाशी. माझे पांडव पाच हायेत, मी त्यांची वाटणी करणार न्हाई." तिघं यायचे, एकमेकांकडं पाठ करून जेवायचे आणि निघून जायचे. मी एकदा त्या पंगतीला होतो, घास उतरत नव्हता. पण पोरं मात्र एकाच झोक्यावर होती. म्हातारी जाऊन काही वर्षं झाली. आता तीन रानांत तीन कोपी असतात आणि दावाही चालूच आहे. फरक एवढाच, की त्या तिघांची पोरं दुपारभर तिन्ही कोपींत फिरत असतात, एकीकडं खीर, दुसरीकडं आंबील. त्यांना कुणी अडवत नाही. ज्या बांधावरून भांडण आहे त्याच बांधावरून ती पळतात. पुढं त्यांचं काय होईल ते आज सांगता येत नाही. पण मोजणीच्या नकाशावर पहिल्यांदा भेटण्यापेक्षा ती पोरं झोक्यावर आधी भेटली, हे मला बरं वाटतं.

हल्ली काही ठिकाणी येळवशीचा थाट वाढलाय. मंडप, आचारी, मोठाले स्पीकर, पुढाऱ्यांची वर्दळ. ज्याची ऐपत त्यानं करावं. पण आचाऱ्याच्या हातची भज्जी खायची म्हटलं की शेंगांचा ढीग गेला, मंडप आला की कोप गेली, आणि स्पीकरपुढं पोरांची हाळी कुणाला ऐकू येणार? शिवाय शेजाऱ्याला वाटतं, आपल्याला हे झेपणार नाही, त्यापेक्षा जाऊच नये. अशानं गरिबाची येळवस बंद पडते. सणाला लागतं काय, तर चार पेंढ्या, एक बिंदगं आणि घरातली माणसं. २०१५ च्या दुष्काळानंतरची येळवस आठवा. २०१६ च्या जानेवारीत ती आली तेव्हा कित्येक रानांत रब्बीची पेरणीसुद्धा नव्हती, आणि पुढं एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. तरी लोक ढेकळांत कोप करून बसले होते. भज्जीत पालाभाजी कमी आणि बेसन जास्त, एवढंच.

खरी अडचण वेगळीच आहे, ती कडब्याची. खरिपात सोयाबीन आणि त्यावर हरभरा अशी घडी बसल्यापासून रब्बी ज्वारीचं क्षेत्र आक्रसत गेलं आहे. कोपीला पेंढ्या आता मागून किंवा विकत आणाव्या लागतात. काही जण शेडनेटचा तुकडा टाकून भागवतात. माझी सूचना आहे, पुढच्या रब्बीत दोन-चार गुंठे तरी मालदांडी नाहीतर हुरड्याची ज्वारी पेरा. कोप होईल, पोरांना हुरडा मिळेल, जनावराला वैरण होईल. हरभरा पेरताना त्यात मूठभर ज्वारी मिसळली तर तीच ताटं पक्ष्यांना बसायला थांबे म्हणून कामाला येतात आणि पक्षी अळ्या वेचतात. ही कृषी विद्यापीठाचीच शिफारस आहे, माझ्या मनची नाही.

रान बटईनं दिलेलं असेल तर लाजू नका. बटईदाराला आधी सांगा आणि त्याच्या घरच्यांनाही पंगतीला बसवा, रान तोच राखतो. आई-वडील थकले असतील तर गाडीतून आणून निदान बांधाला बसवा. सून पहिल्यांदाच येत असेल तर तिला चारी बांध फिरवून दाखवा. उद्या सातबारावर तिचंही नाव लागू शकतं.

शेवटी एक खबरदारीची गोष्ट. चूल कोपीपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडा, कडबा एका ठिणगीचा धनी असतो. संध्याकाळी पेटती पेंढी घेऊन रानाभोवती फिरायची पद्धत तुमच्याकडं असेल तर वाळत आलेली तूर आणि गंज टाळून फिरा, पेंढी मोठ्या माणसाच्या हातात असू द्या आणि मागून एकानं पाण्याची घागर घेऊन चाला. निघताना चुलीवर ती घागर रिकामी करायची. आणि झोक्याचा दोर यंदा नवा घ्या, गेल्या वर्षीचा उंदरांनी कुरतडलेला असतो.