रेडिओ कंप्रता परिषदांची पूर्वतयारी

रेडिओ तरंगांच्या कंप्रतांची (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्यांची) निरनिराळ्या सेवांमध्ये वाटणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत फेरबदल करण्यासाठी ज्या जागतिक परिषदा भरतात, त्यांच्या आधीच्या तीनचार वर्षांत चालणारे तांत्रिक अभ्यास व राजनैतिक वाटाघाटी यांस ही संज्ञा लावता येईल. परिषद स्वतः सु. चार आठवडे चालते. परंतु तीत काय होऊ शकेल हे बहुतांशी या पूर्वतयारीतच ठरून जाते.

रेडिओ तरंगांना देशांच्या सीमा नसल्यामुळे त्यांच्या वापराविषयी राष्ट्राराष्ट्रांत करार असणे अपरिहार्य ठरते. बर्लिन येथे १९०६ साली पहिला रेडिओ-तारायंत्र करार झाला. पुढे हे काम आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन संघाकडे आले. मुळात १८६५ मध्ये पॅरिस येथे तारायंत्रासाठी स्थापन झालेल्या या संघाचे मुख्यालय जिनीव्हा येथे आहे. त्याच्या रेडिओ नियमावलीला कराराचा दर्जा असून तीत प्रत्येक कंप्रता पट्टा कोणत्या सेवेसाठी, प्राथमिक की दुय्यम हक्काने वापरावयाचा, हे नमूद केलेले असते. या वाटणीसाठी जगाचे तीन विभाग केलेले असून भारत तिसऱ्या विभागात मोडतो.

परिषदेची कार्यसूची तिच्या आधीच्या परिषदेतच तयार होते आणि संघाच्या मंडळाच्या संमतीने कायम होते. जो विषय सूचीत नाही, त्यावर प्रायः निर्णय होत नाही. म्हणून खरी चढाओढ सूचीत शिरण्यापासूनच सुरू होते. एक परिषद संपताच पुढील परिषदेच्या पूर्वतयारी बैठकीचे पहिले सत्र भरते व अभ्यासगटांना विषय वाटून दिले जातात. हे गट गणिते करतात : अमुक शक्तीचा प्रेषक इतक्या अंतरावरील ग्राहीस कितपत बाधक होईल, उपग्रहांची संख्या वाढल्यास एकूण व्यत्यय किती, इत्यादी. दुसऱ्या सत्रात या निष्कर्षांचा अहवाल होतो व त्यात प्रत्येक विषयावर पर्यायी मार्ग मांडतात. ‘काहीही बदल नको’ हाही त्यांपैकी एक मार्ग असू शकतो. दरम्यान प्रादेशिक संघटना आपापले समान प्रस्ताव तयार करतात. आशिया-पॅसिफिक दूरसंदेशवहन संघटना (मुख्यालय बँकॉक) ही भारताची प्रादेशिक संघटना होय. परिषदेत मतदान क्वचितच होते, निर्णय एकमताने घेण्याची प्रथा आहे. त्यामुळे पूर्वतयारीत एकाकी पडलेल्या देशाला अखेरच्या आठवड्यात फारसे काही मिळवता येत नाही. भारतात या कामाचे समन्वयन दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा करते.

नियमावलीतील बहुतेक सेवा प्रेषण करणाऱ्या आहेत. रेडिओ ज्योतिषशास्त्र मात्र केवळ ऐकते, आणि ज्याच्याकडे प्रेषक नाही त्याची बाजू या व्यवहारात सहज मागे पडते. या शास्त्राला नियमावलीत सेवा म्हणून स्थान मिळाले ते जिनीव्हा येथील १९५९ च्या परिषदेत. त्याचे हितसंबंध पाहण्यासाठी १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघांनी एक स्थायी समितीही नेमली. खगोलीय संकेत किती क्षीण असतात याची कल्पना एका हिशोबाने येईल. एक वॉट शक्तीचा व २०० किलोहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा वापरणारा प्रेषक चंद्रावर ठेवला, तर पृथ्वीवर त्याची प्रवाहघनता सु. २७० जान्स्की भरेल. आधुनिक दुर्बिणी जान्स्कीच्या हजाराव्या भागाहूनही दुर्बळ उद्‌गम शोधतात.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे प्रत्यक्ष रूप पुणे व अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) या जिल्ह्यांच्या सीमाभागात दिसते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तालुक्याच्या उत्तरेस व पूर्वेस अहमदनगर जिल्ह्यातील अकोले, संगमनेर व पारनेर हे तालुके येतात. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक (अँटेना) आहेत. पैकी १४ सु. एक चौ. किमी. क्षेत्रात एकवटलेले असून उरलेले १६ तीन भुजांवर, सु. २५ किमी. विस्तारात पसरलेले आहेत. जागेच्या निवडीत तेथील कमी रेडिओ गोंगाट हे एक महत्त्वाचे कारण होते.

दुर्बिणीच्या उपयोगाच्या पट्ट्यांपैकी ३२२–३२८.६ व १,४००–१,४२७ मेगॅहर्ट्‌झ यांना जगभर प्राथमिक संरक्षण आहे. दुसऱ्या पट्ट्यात हायड्रोजनाची १,४२०.४ मेगॅहर्ट्‌झची रेषा येते व तेथे कोणतेही प्रेषण निषिद्ध आहे. याखेरीज दोन तळटिपांनी भारताला स्वतंत्र हक्क दिला आहे : १५०.०५–१५३ मेगॅहर्ट्‌झ (ऑस्ट्रेलियासह) आणि ६०८–६१४ मेगॅहर्ट्‌झ. अशी देशापुरती तळटीप एका ओळीची असली, तरी तीस बाधित देशांची हरकत नसावी लागते. शिवाय अनावश्यक तळटिपा रद्द कराव्यात असे आवाहन सर्व सदस्य देशांना केलेले असल्याने त्या पुढेही राखाव्या लागतात. या संरक्षणाची व्याप्ती मात्र तोकडी आहे. विश्व प्रसरणशील असल्याने दूरच्या दीर्घिकांमधील हायड्रोजनाची रेषा कमी कंप्रतांकडे सरकते आणि ती संरक्षित पट्ट्यातच पडेल असे नाही. सुधारित दुर्बीण २५०–५०० मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा सलग ग्रहण करते. त्यातील जेमतेम १०.५ मेगॅहर्ट्‌झ, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी भाग राखीव आहे. उरलेल्या भागाची भिस्त स्थानिक शांततेवर आहे.

ही शांतता परिसरातील लोकांना किंमत मोजावयास लावते, हे सांगितले पाहिजे. दुर्बिणीभोवती उद्योगांवर निर्बंध आहेत. नारायणगाव व संगमनेरमार्गे योजलेल्या पुणे–नाशिक मध्यम द्रुतगती लोहमार्गाची (सु. २३५ किमी.) आखणी दुर्बिणीस बाधक ठरते म्हणून रेल्वे मंत्रालयाने नाकारली व शिर्डी आणि अहिल्यानगरकडून जाणारा मार्ग पुढे केला, संगमनेर भागातून मूळ मार्गाची मागणी मात्र होत राहिली. विद्युत् कर्षणातून निघणारे अनिष्ट प्रारण कंप्रता वाटणीच्या कक्षेत येत नाही. विद्युत् उपकरणांपासून बाधक व्यत्यय होऊ नये म्हणून शासनांनी शक्य ते सर्व उपाय करावेत, एवढेच नियमावली सांगते. ‘शक्य’ कशास म्हणावे हे त्या त्या देशाने ठरवावयाचे.

आकाशातून येणाऱ्या व्यत्ययावर स्थानिक उपाय चालत नाही. नेदरलँड्समधील लोफार दुर्बिणीने केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत स्टारलिंक उपग्रहांतील इलेक्ट्रॉनीय सामग्रीतून ११० ते १८८ मेगॅहर्ट्‌झच्या दरम्यान अनपेक्षित प्रारण आढळले. हे उपग्रहांचे प्रेषण नव्हे. त्यामुळे प्रेषणावरील मर्यादा त्याला सरळ लागू पडत नाहीत. दुबई येथील २०२३ च्या परिषदेने २०२७ सालच्या परिषदेच्या कार्यसूचीत १.१६ या क्रमांकाचा विषय घातला आहे. भूस्थिर नसलेल्या उपग्रहसमूहांच्या एकत्रित व्यत्ययापासून विशिष्ट रेडिओ शांतता क्षेत्रांतील व जागतिक प्राथमिक दर्जाच्या पट्ट्यांतील रेडिओ ज्योतिषशास्त्राचे संरक्षण कसे करावे, याचा अभ्यास त्यात अभिप्रेत आहे. १५०.०५–१५३ व ६०८–६१४ मेगॅहर्ट्‌झ हे भारताने तळटिपांनी मिळविलेले पट्टे जागतिक प्राथमिक दर्जाचे नसल्याने या विषयाच्या दुसऱ्या भागात बसत नाहीत.