भरतीची पावले

पोलादपूरकडून येणाऱ्या सावित्रीत महाडपर्यंत भरती चढते. पुराच्या वेळीच भरती आली, तर पाण्याचा निचरा अडतो. म्हणून भरतीच्या वेळेचे गणित इथे मोलाचे.

चोवीस तासांच्या तबकडीवर दर दुसऱ्या भरतीची खूण करा. खूण सरासरी ५०.४७ मिनिटांचे पाऊल टाकते. उधाणाला लहान, भांगाला मोठे. सरासरीने २९ पावलांनंतर ती मूळ जागेपासून २४ मिनिटांवर येते, ५७ पावलांनंतर अवघ्या ३ मिनिटांवर. अशा जवळच्या परतींभोवतीचा तुकडा पुन्हापुन्हा मोठा करून पाहणे, हे पुनर्सामान्यीकरण.

पावले असमान असली, तरी सरासरी पाऊल फेरीचा अपरिमेय भाग असेल तर खुणांचा क्रम समान पावलांसारखाच राहतो, हे प्वाँकारे यांनी १८८५मध्ये दाखवले. पावलाचा नियम गुळगुळीत असेल, तर जवळजवळ प्रत्येक अपरिमेय सरासरीसाठी तबकडीच गुळगुळीतपणे ताणून-आकसून पावले समान करता येतात, हे एर्मान यांनी १९७९मध्ये सिद्ध केले.

नियमाच्या आलेखात एके जागी कोपरा असेल, तर हे जमत नाही. पण सरासरी तीच आणि कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या उतारांचे गुणोत्तरही तेच असेल, तर असे दोन नियम जवळजवळ नेहमीच एकमेकांत गुळगुळीतपणे बदलता येतात. याला दृढता म्हणतात. खानिन आणि सहकाऱ्यांनी ती गेल्या काही दशकांत सिद्ध केली.

भरतीच्या तक्त्यावरून विद्यार्थ्यांना ५७ खुणा मांडू द्या. असमान पावलांतला क्रम त्यांना स्वतःच दिसेल.