गाडी गप्प, हॉर्न चालूच!

आमच्या वसईतल्या गास गावात आळीतल्या रस्त्यावर पूर्वी गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. दोन्हीकडे वाड्यांची कुंपणं, वर माडांची सावली आणि वळणं अशी की दहा पावलांपुढचं दिसत नाही. म्हणून चालणारा कानांवर भिस्त ठेवायचा. आता विजेवरची गाडी पाठीशी येऊन थांबली तरी कळत नाही. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली आजी रस्त्याच्या मधूनच चालत राहते. मग चालक हॉर्न मारतो, आजी दचकते, पाटी एका बाजूला कलते, मेथीची जुडी खाली पडते. गाडीच्या इंजिनाचा आवाज गेला, पण बॉनेटखालचा शंभर डेसिबलच्या आसपासचा हॉर्न तसाच राहिला. या विचित्र जोडीभोवती जगभर बरंच काही घडलंय. त्यातल्या या काही मजेदार आणि काही गंभीर गोष्टी.

शांत गाडीला बोलायची सक्ती

गाड्यांचा आवाज कमी करा म्हणून कायदे करणाऱ्या सरकारांना आता आवाज वाढवा म्हणून कायदे करावे लागताहेत! युरोपात जुलै 2021 पासून प्रत्येक नव्या विजेवरच्या गाडीने ताशी 20 किलोमीटरच्या वेगापर्यंत आणि मागे जाताना स्वतःहून आवाज काढलाच पाहिजे. तो किमान किती असावा हे ठरलेलं आहे आणि कमाल मर्यादा 75 डेसिबलची. अमेरिकेत ही सक्ती ताशी 30 किलोमीटरपर्यंत आहे. ही मागणी जोरात लावून धरली ती दृष्टिहीनांच्या संघटनांनी. पांढरी काठी हातात असलेल्या माणसाला रस्ता ओलांडताना कानांचाच आधार असतो.

आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर 2025 मध्ये असाच मसुदा काढला. ऑक्टोबर 2026 पासून विजेवरच्या मोटारी, बस आणि ट्रकच्या नव्या मॉडेलना असा इशाऱ्याचा आवाज बंधनकारक करावा, असं त्यात म्हटलंय.

पण ही सक्ती फक्त कमी वेगालाच का? कारण साधारण ताशी तिशीच्या पुढे गाडी गेली की इंजिनापेक्षा टायरचा रस्त्यावर घासण्याचाच आवाज मोठा होतो. म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर विजेची गाडी काही फार शांत नसते. तिच्या शांततेचा खरा फायदा होतो तो गास, भुईगाव, निर्मळच्या गल्ल्यांत. धोकाही तिथेच.

कारसाठी संगीतकार

गाडीने आवाज काढायचाच तर तो कसला, याचा विचार करायला चक्क संगीतकार बसले. हॉलिवूडचे हान्स झिमर यांनी बीएमडब्ल्यूच्या विजेवरच्या गाड्यांसाठी ध्वनी रचले. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या विजेवरच्या गाड्यांचे ध्वनी ए. आर. रहमान यांचे. आणि नितीन गडकरी तर हॉर्नच बासरी, तबला, व्हायोलिन, हार्मोनियमसारख्या वाद्यांच्या सुरांत वाजावा, हा विचार 2021 पासून मांडत आलेत. कल्पना गोड आहे. पण नालासोपारा स्टेशनबाहेर संध्याकाळी सात वाजता एकदम शंभर बासऱ्या वाजल्या, तर त्याही गोंगाटच ठरतील.

टेस्लाचा भोंगा आणि डॉजची डरकाळी

टेस्लाने 2020 च्या शेवटी 'बूमबॉक्स' नावाची सोय दिली. गाडीबाहेरच्या स्पीकरवर मालकाला हवा तो आवाज वाजवता येईल! लोक खूश झाले. पण 2022 च्या फेब्रुवारीत अमेरिकी वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या आक्षेपामुळे कंपनीला सुमारे 5 लाख 78 हजार गाड्यांमध्ये दुरुस्ती करावी लागली. मालकाचं गाणं चालू असलं तर पादचाऱ्याला सावध करणारा आवाज त्यात बुडतो, हा आक्षेप. गाडी तुमची, स्पीकर तुमचा, गाणंही तुमचं. पण ते ऐकणारा रस्त्यावरचा माणूस तुमचा नाही. स्वातंत्र्याची हद्द कुठे संपते हे सांगायला इतकं चोख उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

उलट टोकाला अमेरिकेतली डॉज कंपनी. विजेवरची चार्जर डेटोना काढली आणि तिला खोटा 'एक्झॉस्ट' बसवला. आवाज 126 डेसिबलपर्यंत जातो, असा कंपनीचाच दावा. धूर नाही, धूर सोडायची नळी नाही, तरी डरकाळी आहेच. आपल्याकडे सायलेन्सर बदलून 'फटाके' फोडत जाणारे बुलेटवाले आहेतच. पोलीस ते सायलेन्सर काढून घेतात, रस्त्यावर ओळीने मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात.

पेट्रोलच्या इंजिनाचा आवाज ही नाइलाजाची गोष्ट होती. इंधन जळायचं तर धडधड होणारच. विजेच्या गाडीत तो नाइलाज संपला. आता रस्त्यावर जो काही अनावश्यक आवाज उरतो, तो कोणीतरी मुद्दाम केलेला असतो. म्हणून त्याची जबाबदारीही त्या माणसाची.

55 आणि 45

मुद्दाम केलेला आवाज फक्त गाड्यांचाच नसतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. हे आकडे दिसतात जवळजवळ, पण डेसिबलचं गणित फसवं आहे. दहाने आकडा वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. 45 ऐवजी 75 झाले की हजारपट! हळदीला, वरातीला डीजे लावणाऱ्याने 'थोडाच तर वाढवलाय' म्हणताना हे लक्षात ठेवावं.

तेरा वर्षांची मुलगी

ही गोष्ट मजेची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 रोजी ध्वनिप्रदूषणावर मोठा निकाल दिला. त्यामागच्या याचिकेत एक प्रसंग होता. तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. तिने मदतीसाठी फोडलेला टाहो शेजारच्या लाऊडस्पीकरच्या गोंगाटात कोणालाच ऐकू गेला नाही.

न्यायालयाने सांगितलं, की अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, पण दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवण्याचा हक्क त्यात येत नाही. बोलायचा हक्क घटनेच्या कलम 19 मध्ये, तर शांतपणे जगायचा कलम 21 मध्ये. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2016 साली पुढचं पाऊल टाकलं. लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं स्पष्ट केलं.

वसईच्या घंटा

इथे आमच्या वसईचं एक ठळक उदाहरण आहे. 1739 साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हा मराठ्यांनी इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या. त्यातली एक नाशकात नारोशंकराच्या देवळात, एक मेणवलीच्या घाटावर, एक भीमाशंकरला. पोर्तुगीज घंटा देवळांत टांगल्या गेल्या आणि भाविक त्याच श्रद्धेने त्यांच्याकडे पाहू लागले. एका धर्माची घंटा दुसऱ्याच्या दारात चालली, कारण कोणाही माणसाच्या हाताच्या जोराला मर्यादा असते. स्पीकरच्या खटक्याला ती नसते. भांडण घंटेशी, आरतीशी, अजानशी वा प्रार्थनेशी नाहीच. ते आहे अॅम्प्लिफायरशी.

हॉर्न वाजवा, थांबून राहा

मुंबई वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलना आवाज मोजणारं यंत्र जोडलं होतं. त्याचा व्हिडिओ जानेवारी 2020 मध्ये जगभर फिरला. गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जायचे. एकाने हॉर्न दाबायचा आणि सगळ्यांनी थांबायचं. वैयक्तिक स्वातंत्र्याचा सार्वजनिक हिशेब याहून झटपट कोणी मांडला नसेल. हा प्रयोग कायमचा व्हायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

विनाकारण हॉर्नला मोटार वाहन कायद्यात पहिल्यांदा 1,000 आणि नंतर 2,000 रुपये दंड आहे. गोंगाटाची तक्रार 112 वर करता येते. तक्रारदाराची ओळख मागू नये, असे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये पोलिसांना दिलेत. शेजारी काय म्हणेल या भीतीने गप्प बसू नका. आणि तुमच्याकडे विजेवरची गाडी असेल, तर गासच्या वळणावर हॉर्नऐवजी ब्रेकवर पाय ठेवा. आजीला रस्ता ओलांडू द्या.