सागरपर्यटनाच्या शिडाच्या नौकेवरील मेनशीट ट्रॅव्हलरची सुधारणा : यांत्रिक तत्त्वे आणि सुरक्षितता

प्रस्तावना :
शिडाची नौका चालविणे म्हणजे वाऱ्याच्या बलाचे सतत नियमन करणे होय. मुख्य शिडाची खालची कड ज्या आडव्या दांड्याला बांधलेली असते त्यास 'बूम' म्हणतात, तर बूम खाली व आत ओढून धरणाऱ्या दोरीस 'मेनशीट' म्हणतात. या दोरीचे खालचे टोक डेकवर आडव्या बसविलेल्या रुळावरून सरकणाऱ्या एका लहान गाड्याला जोडलेले असते. हा रूळ व गाडा मिळून 'ट्रॅव्हलर' तयार होतो.

गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. २०१७-१८ मध्ये 'तारिणी'वरून भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी अशीच प्रदक्षिणा केली. या मोहिमांमुळे शिडाच्या नौकेतील दीर्घ प्रवास हा विषय आपल्याकडे परिचयाचा झाला. अशा प्रवासात काम करणारे हात मोजके असतात, म्हणूनच प्रत्येक उपकरण कमी श्रमात व सुरक्षित जागेवरून हाताळता येणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात जुन्या पर्यटन नौकांवरील ट्रॅव्हलर बदलण्यामागील यांत्रिक तत्त्वे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ट्रॅव्हलरचे कार्य :
मेनशीट एकाच वेळी दोन कामे करते : बूम खाली ओढणे आणि शिडाचा वाऱ्याशी असलेला कोन ठरविणे. ट्रॅव्हलरमुळे ही दोन कामे परस्परांपासून वेगळी करता येतात. वाऱ्याचा झोत आल्यावर केवळ मेनशीट सैल सोडली, तर बूम वर उचलला जातो, शिडाला पीळ पडतो व त्याचा आकार बिघडतो. याउलट गाडा वाऱ्यापलीकडच्या बाजूस सरकविल्यास शिडाचा आकार कायम राहून केवळ कोन कमी होतो. परिणामी नौकेचे कलणे घटते आणि सुकाणूवरील ताणही कमी होतो. स्वयंचलित सुकाणू असल्यास त्याचे श्रमही त्याच प्रमाणात वाचतात.

जुन्या रचनेतील दोष :
१९७० व १९८० च्या दशकांत अमेरिका व युरोपमध्ये बांधलेल्या फायबरग्लासच्या अनेक नौका आजही वापरात आहेत. त्यांपैकी पुष्कळ नौकांवर मूळ ट्रॅव्हलर साध्या घसरत्या गाड्याचा असून, गाडा जागेवर अडविण्यासाठी रुळाच्या छिद्रांत बसणारी स्प्रिंगची खीळ असते. भार असताना ही खीळ सहजी निघत नाही. ती काढण्यासाठी माणसाला बूमखाली वाकून रुळापर्यंत हात न्यावा लागतो. नेमक्या त्याच क्षणी वारा मागील बाजूने पलटला, तर बूम वेगाने दुसऱ्या बाजूस झेपावतो. डोक्याला होणाऱ्या अशा आघाताने नाविकांचा मृत्यू ओढवू शकतो. म्हणून पर्यटन नौकेच्या बाबतीत ट्रॅव्हलरच्या सुधारणेचा प्रश्न वेगाचा कमी आणि सुरक्षिततेचा अधिक आहे.

भाराचे गणित :
वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वारा १० नॉटवरून २० नॉटवर गेल्यास भार सुमारे चौपट होतो. मेनशीट बूमला कोठे जोडली आहे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. बूम ही डोलकाठीशी टेकू असलेली एक तरफ होय. ४ मीटर लांबीच्या बूमच्या टोकाऐवजी मध्यावर, म्हणजे २ मीटरवर, दोरी जोडल्यास तेवढ्याच परिणामासाठी दुप्पट बल लागते. ट्रॅव्हलर केबिनच्या छतावर नेल्याने कॉकपिट मोकळे होते, परंतु त्याची किंमत या वाढीव भाराच्या रूपाने मोजावी लागते.

उदाहरणादाखल मेनशीटमधील ताण ३०० किलोग्रॅम भाराइतका आणि दोरीचा उभ्या रेषेशी कोन २०° मानू. गाडा बाजूस ओढणारा घटक सुमारे १०३ किलोग्रॅम आणि रुळावर लंबरूप असलेला घटक सुमारे २८२ किलोग्रॅम येतो. घसरत्या गाड्याचा घर्षणगुणांक ०.२ गृहीत धरल्यास घर्षण ५६ किलोग्रॅम होते. म्हणजेच गाडा वाऱ्याकडे ओढण्यास जवळजवळ १५९ किलोग्रॅम बल लागेल. बेअरिंगच्या गाड्यासाठी हाच गुणांक ०.०२ मानल्यास एकूण बल १०९ किलोग्रॅमपर्यंत उतरते. त्यास ४:१ प्रमाणाचा कप्पीसंच जोडल्यास, कप्प्यांतील घर्षण वगळता, हाताला सुमारे २७ किलोग्रॅम बल पुरते. मात्र गाडा ५० सेंटिमीटर सरकविण्यासाठी २ मीटर दोरी ओढावी लागते. बलात होणारी बचत अंतराच्या रूपाने फेडावी लागते, हा यंत्रशास्त्राचा मूलभूत नियम येथे प्रत्यक्ष दिसतो.

सुधारणेची पद्धत :
नव्या रचनेत गोलक-बेअरिंगचा गाडा, त्यास अनुरूप रूळ, दोन्ही बाजूंस कप्पीसंच आणि दोरी अडकविण्यासाठी कॅम क्लीट असतात. नियंत्रणाच्या दोऱ्या सुकाणूजवळ आणल्यास बूमखाली जाण्याचे कारणच उरत नाही. तथापि बसविताना पुढील बाबींची दक्षता आवश्यक आहे.

१) छिद्रांतील अंतर : जुन्या रुळाची छिद्रे ४ इंचांवर (१०१.६ मि.मी.) व नव्याची १०० मि.मी. वर असल्यास अकराव्या छिद्रापाशी १६ मि.मी. चा फरक पडतो. अशा वेळी जुनी छिद्रे बुजवून नवी पाडावी लागतात.

२) डेकचा गाभा : डेकमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असल्यास छिद्रातून शिरलेले पाणी तो कुजविते. म्हणून मोठे छिद्र पाडून ते घट्ट इपॉक्सीने भरावे व ते कठीण झाल्यावर त्यातून बोल्टचे छिद्र पाडावे.

३) भाराचे वितरण : डेकच्या खालून आधारपट्टी लावल्याने बोल्टवरील भार विस्तृत क्षेत्रावर पसरतो. रूळ कॉकपिटवरून अधांतरी जात असल्यास उंच छेदाचा, वाकण्यास विरोध करणारा रूळच निवडावा.

४) धातूंचा संपर्क : ॲल्युमिनियमचा रूळ व स्टेनलेस पोलादाचे बोल्ट खाऱ्या पाण्यात एकत्र आल्यास विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजते. हे टाळण्यासाठी दोहोंमध्ये विलगक लेप आवश्यक असतो.

मर्यादा :
वारा मागून असताना बूम नौकेबाहेर दूरवर गेलेला असतो. त्या स्थितीत ट्रॅव्हलरचा उपयोग अल्प असून बूम खाली धरणारा 'व्हँग' व त्यास पुढे बांधून ठेवणारी दोरी हीच खरी साधने ठरतात. तसेच बेअरिंगचा गाडा जितका सहज सरकतो, तितकाच तो मोकळा राहिल्यास वेगाने टोकाच्या अडणीवर आदळतो. म्हणून शीड मागील वाऱ्यात पलटविण्यापूर्वी गाडा मध्यावर आणून दोन्ही दोऱ्या पक्क्या करणे आणि मेनशीट आत ओढून घेणे अनिवार्य आहे.

निष्कर्ष :
ट्रॅव्हलरची सुधारणा ही केवळ जुना भाग काढून नवा बसविण्याची क्रिया नव्हे. घर्षण कमी करणे, यांत्रिक लाभ वाढविणे, नियंत्रण सुरक्षित जागी आणणे आणि वाढीव भार डेकपर्यंत नीट पोहोचविणे या चारही गोष्टी साधल्या तरच ती परिपूर्ण ठरते. यांपैकी शेवटची बाब डोळ्यांना दिसत नसल्याने बहुधा तिच्याकडेच दुर्लक्ष होते. मौल्यवान गाडा कमकुवत डेकवर बसविल्यास धोका नाहीसा होत नाही, तो केवळ आपली जागा बदलतो. पदवी स्तरावर तरफ, सदिशांचे घटक, घर्षण व धातूंचे क्षरण शिकविताना हे एकच उपकरण सर्व संकल्पना एकत्र गुंफणारे समर्पक उदाहरण म्हणून वापरता येईल.