भाड्याने दिलेला गाळा आणि वीजखर्चाची वाटणी

आपल्यापैकी अनेक वैद्यांनी चिकित्सालयालगतचा स्वतःचा एखादा गाळा भाड्याने दिलेला असतो. भाडे व अनामत रक्कम यांची चर्चा बारकाईने होते. विजेविषयी मात्र ‘बिल तुम्ही भरा’ एवढ्यावरच बोलणे संपते. पुढील कलहाचे मूळ बहुधा या अपुऱ्या वाक्यात असते.

वीजजोडणी ज्याच्या नावे, तोच वीज कंपनीच्या दृष्टीने ग्राहक होय. भाडेकरू थकबाकी ठेवून निघून गेल्यास मागणी मालकाकडेच येते. म्हणून अनामत ठरविताना दोन-तीन महिन्यांचे संभाव्य बिलही जमेस धरावे, आणि ताबा देताना व घेताना मीटरवरील आकडा उभयतांच्या स्वाक्षरीने नोंदवावा.

वाटणीच्या पद्धती तीन. भाड्यातच वीज समाविष्ट केल्यास हिशेब सोपा होतो; परंतु वापर वाढला की भुर्दंड मालकास पडतो. क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी जिन्यातील दिवे व पाण्याचा पंप यांपुरती योग्य. पुस्तकांचे दुकान आणि शीतकपाटे असलेली रक्तचाचणी प्रयोगशाळा यांना ती एकच लावणे अन्यायाचे ठरते. स्वतंत्र मीटर हाच उत्तम मार्ग. तो शक्य नसल्यास उपमीटर बसवावा. मात्र बिलात ऊर्जा आकाराखेरीज स्थिर आकार, वहन आकार व वीज शुल्क असते, हे विसरू नये. समजा, एकूण बिल १२,००० रुपये व वापर ८०० युनिट असेल, तर प्रत्यक्ष दर १५ रुपये पडतो. भाडेकरूने ५०० युनिट वापरल्यास त्याच्याकडून ७,५०० रुपये घ्यावेत, मूळ बिलाची प्रत द्यावी, आणि त्यावर नफा घेऊ नये.

कायद्याच्या चार बाबी ध्यानी ठेवाव्यात.

१) घरगुती जोडणीवर व्यवसाय चालविल्यास विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ अन्वये दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

२) वस्तू व सेवा कराची नोंदणी असलेल्या मालकाने भाड्यासोबत एकत्रित आकारलेली वीज ही भाड्याच्या सेवेचाच भाग समजली जाते व तिच्यावरही त्याच दराने कर लागतो. वीज कंपनीच्या आकारणीइतकीच रक्कम भाडेकरूच्या वतीने भरून वसूल केली असल्यास ती करपात्र मूल्यात धरली जात नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने हे स्पष्ट झाले आहे.

३) बिल थकले म्हणून रागाच्या भरात वीज वा पाणी तोडू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम २९ पुरेशा कारणावाचून आवश्यक पुरवठा बंद करण्यास मनाई करते.

४) त्याच अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. लेखी नोंदणीकृत करार नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणेच ग्राह्य धरले जाते.

तात्पर्य, तोंडी ठरलेली वीजबिलाची अट वादाच्या प्रसंगी मालकाच्या फारशी उपयोगी पडत नाही. मीटर कोणाच्या नावे, वाटणी कशी, भरणा किती दिवसांत आणि विलंब झाल्यास काय, ही चार वाक्ये करारात असावीत. निदानपरिवर्जनाचे महत्त्व वैद्यांस वेगळे सांगावयास नको.