विहिरीत निघालेला अकीक : ओळखावा कसा, मोल किती?

गेल्या उन्हाळ्यात हिवरे बाजारच्या शिवारातली कामे पाहून परतत होतो. वाटेत शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याने गाडी थांबवली आणि उपरण्यात गुंडाळलेला, बटाट्याएवढा दगड पुढे केला. विहीर खोलताना निघालेला. "साहेब, पोरगं म्हणतंय, मोबाईलवर असला दगड लाखाला आहे. बांधाखालीबी असलेच दिसतात. बांध उकरू का?"

दगडाची फुटलेली बाजू पाहिली. करड्या-पांढऱ्या रेघा एकीत एक होत्या. अकीकच होता तो, पण लाखाचा नव्हता.

शेतकरी बंधूंनो, आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपत्या पाण्यातली सिलिका त्यांत थरावर थर बसत गेली, त्याचा अकीक झाला. पांढऱ्या ठिपक्यांच्या अशा खडकाला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात.

ओळख घरीच पटते. दगडाची फुटकी कड काचेच्या तुकड्यावर ओढा. काचेवर चरा उमटला आणि दगडावर चाकू चालला नाही, तर तो अकीक किंवा गारगोटीच्या जातीचा. चाकूने सहज ओरखडा उठला आणि त्या भुकटीवर लिंबू पिळल्यावर फेस आला, तर तो कॅल्साइट. ओरखडा उठतो पण फेस येत नाही, असे मोत्यासारखे चमकणारे पांढरे किंवा गुलाबी स्फटिक बहुधा झिओलाइटचे. अकीकाची फुटकी बाजू मेणासारखी दिसते आणि पातळ कड उन्हात धरली की उजेड आरपार येतो.

आता किमतीचे. साधा करडा अकीक किलोवर जातो. रेघा बारीक व स्पष्ट, रंग नैसर्गिक तांबडा, दगड मोठा आणि बिनभेगांचा असेल तर भाव चढतो. दुकानातले झगझगीत निळे-गुलाबी अकीक बहुतेक रंगवलेले असतात. गुजरातेत खंबातचे कारागीर दगड तापवून तांबडा करतात, कापतात, घासून चकाकी आणतात. दुकानातली किंमत बरीचशी त्या मेहनतीची असते. तिच्याशी आपल्या कच्च्या दगडाची बरोबरी करू नका.

आत स्फटिक असलेली पोकळी निघाली तर मात्र हातोडा घालू नका. ॲसिडने धुऊ नका. भोवतीच्या खडकासकट जपा, कुठे व किती खोलीवर मिळाली ते लिहून ठेवा. असे नमुने सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात पाहायला मिळतात. एकदा जाऊन नजर तयार करावी.

आणखी एक. नेवाशाला डॉ. सांकळिया यांच्या १९५४ ते ५६ च्या उत्खननाने आपल्या जिल्ह्यातला अश्मयुगीन माणूस उजेडात आला. तो अकीक-जास्परची हत्यारे घडवीत असे. शेतात धारदार, घडवलेल्या चिपा दिसल्या तर त्या विकू नका, पुरातत्त्व खात्याला कळवा.

सरपंच व ग्रामसेवकांनीही ध्यानात ठेवावे. २०१५ पासून अकीक गौण खनिजांच्या यादीत आहे. विहिरीत एखादा दगड सापडणे वेगळे आणि विक्रीसाठी खोदकाम करणे वेगळे. खोदून विकायचा विचार असेल तर आधी तहसील व जिल्हा खनिकर्म कार्यालयात परवानगीचे विचारा.

त्या शेतकऱ्याला मी एवढंच म्हणालो, "दगड ठेव, बांध उकरू नको." पोकळी अकीकाने भरली की तिच्यात पाणी साठत नाही. पाणी मुरते ते भेगांतून आणि झिजलेल्या मुरमातून, आणि बांध ते अडवून मुरायला वेळ देतो. हिवरे बाजारने १९९० च्या दशकात डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, म्हणून तिथल्या विहिरींना पाणी आले. दगड एकदाच विकला जातो. बांध शाबूत असेल तर दर पावसाळ्यात पाणी देतो.