रात्री अपडेट, सकाळी बॅटरी रिकामी

जळकोटच्या एका मावशींवर २०२५ च्या सोयाबीन काढणीच्या दिवसांत आलेला प्रसंग प्रथम सांगितला पाहिजे. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी तेव्हा नुकतीच सक्तीची झाली होती. मावशींनी कामावर खाडा केला, दिवसाची मजुरी बुडवली आणि सकाळीच केंद्रावर रांग धरली. आदल्या रात्री फोनवर कसलीशी सूचना आली होती. नातवाने 'होय' दाबले आणि रात्रभरात फोनचे सॉफ्टवेअर बदलले. दुपारी मावशींचा नंबर लागला. आधार क्रमांक टाकला गेला आणि ओटीपी यायच्या आत फोन काळा पडला.

"सकाळी शंभर टक्के भरलेला व्हता बगा," मावशी सांगतात, "मी काईच केलं न्हाई. नुसता पिशवीत ठिवला व्हता. लोक मलाच म्हणायलेत, मावशी, रातभर काय बगत बसलात?"

तिथून मावशी दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. एक जण म्हणाला, "बॅटरी गेली मावशी, बाराशे लागतील." दुसऱ्याने तर फोन हातातही न घेता सांगितले की हा डबाच जुना झाला, हप्त्यावर नवीन घ्या. मावशींच्या कनवटीला बाराशे नव्हते, हे एका अर्थी बरेच झाले. कारण तिसऱ्या दिवशी तोच फोन, त्याच बॅटरीवर, संध्याकाळपर्यंत चालला.

मग बिघडले होते काय?

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. आज आपल्या वस्तीत रेशनपासून बँकेपर्यंत, मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जापासून पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या पोराच्या फोनपर्यंत सगळे त्या एका यंत्रात अडकले आहे. ते बंद पडले की दिवस बुडतो. आणि पहिला दोष दिला जातो तो वापरणाऱ्या बाईमाणसाला. म्हणून अपडेटनंतर फोनच्या पोटात नेमके काय घडते, ते समजून घेतले पाहिजे.

घर बदलल्यासारखे

आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत राहायला गेलो की पहिले दोन-तीन दिवस भांडी मांडण्यात, कपडे लावण्यात जातात. फोनचेही तसेच होते. नवे सॉफ्टवेअर आले की तो प्रत्येक ॲप नव्याने जुळवून घेतो, फोटोंची यादी पुन्हा तयार करतो, आतल्या फायलींची अनुक्रमणिका लावतो. स्क्रीन बंद असली तरी हे काम आत चालूच असते. त्यामुळे फोन कोमट लागतो आणि चार्जिंग भराभर उतरते. साधारणपणे एक-दोन दिवसांत, फार तर चार-पाच दिवसांत हे काम संपते. तोवर बॅटरी बदलण्याची घाई करू नये. मावशींचा फोन तिसऱ्या दिवशी ताळ्यावर आला तो यामुळेच.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. रॉकेलच्या डब्यात काडी घालून किती राहिले ते पाहता येत होते, तसे बॅटरीत पाहता येत नाही. आतला विद्युतदाब आणि किती वीज आली-गेली यावरून फोन अंदाज बांधतो व तो आकडा आपल्याला दाखवतो. बॅटरी जुनी झाली की हा अंदाज चुकू लागतो. मग पंचवीस टक्के दिसत असतानाच कॅमेरा उघडला किंवा फोन लावला की एकदम जास्त वीज ओढली जाते, दाब कोसळतो आणि फोन बंद पडतो. अपडेटने बॅटरी म्हातारी होत नाही. आधीच थकलेल्या बॅटरीवर वाढीव काम पडते आणि तिचे म्हातारपण उघडे पडते.

जळकोटसारख्या डोंगराळ तालुक्यात तिसरे कारण असते ते रेंजचे. टॉवर दूर असला की फोन जास्त जोर लावून त्याला हाक मारतो. वाडी-तांड्यावर दिवसभर खिशात पडून असलेला फोनसुद्धा संध्याकाळी रिकामा होतो तो यामुळे. त्यात काही वेळा अपडेटनंतर नेटवर्कची सेटिंग बदलते आणि जिथे फाइव्ह-जी पोहोचतच नाही तिथे फोन त्याचा शोध घेत बसतो. सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्कमध्ये जाऊन ते फोर-जीवर ठेवले की पुष्कळ फरक पडतो. यासाठी कोणाला एक पैसाही देण्याची गरज नाही.

आधी पाहा, मग पैसे काढा

अपडेट झाल्यावर फोन एकदा बंद करून पुन्हा चालू करावा. प्ले स्टोअरमध्ये जाऊन बाकीची ॲपही नवी करून घ्यावीत, कारण नव्या घरात जुने ॲप पुष्कळदा अडखळते आणि अडखळणारे ॲप वीज खाते. दोन-तीन दिवसांनीही सुधारणा नसेल तर सेटिंगमधील 'बॅटरी' हे पान उघडावे. कोणत्या ॲपने किती टक्के खाल्ले, त्याची यादीच तिथे असते. ज्या ॲपला आपण दिवसभर हातही लावला नाही ते यादीत वर दिसत असेल तर चोर सापडला. त्याचे मागे-मागे चालणे तिथूनच बंद करता येते. नको असेल तर ते काढूनच टाकावे. 'बॅटरी वाचवा', 'फोन थंड करा' असली ॲप मात्र मुळीच घेऊ नयेत. ती स्वतःच वीज खातात आणि जाहिराती दाखवतात. व्हॉट्सॲपवर कोणी 'हे अपडेट घ्या' म्हणून फाईल पाठवली तर ती उघडायचीच नाही. खरे अपडेट फोनच्या सेटिंगमधून येते. अशा फाईलमुळे खात्यातून पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

एका गोष्टीपासून विशेष सावध राहायला हवे. दुकानदार सहजपणे म्हणतो, "पूर्ण रिसेट मारू, सगळं ठीक होईल." त्याने फोनमधले फोटो, नंबर, कागदपत्रे पुसली जातात हे एक. शिवाय रिसेटनंतर अँड्रॉइड फोन जुन्या गुगल खात्याचा पासवर्ड किंवा स्क्रीनचे कुलूप मागू शकतो. आपल्या कित्येक आया-बहिणींचे खाते फोन विकणाऱ्या पोराने काउंटरवरच उघडून दिलेले असते आणि पासवर्ड त्यालाही आठवत नाही. चालता फोन मग कुलूपबंद होतो. रिसेट हा शेवटचा उपाय आहे. आधी खाते आणि पासवर्ड माहीत करून घ्या, वहीत लिहून ट्रंकेत ठेवा.

खरोखरच बॅटरी गेलेली असेल तर ती बदलावी, त्याला पर्याय नाही. पण कंपनीच्या अधिकृत केंद्राचा दर आधी विचारावा, बाहेर बदलत असाल तर बीआयएसची खूण असलेली बॅटरी मागावी आणि पक्के बिल घ्यावे. मागचे झाकण उचलले गेले, पडदा वर आला, म्हणजे बॅटरी फुगली. असा फोन चार्जिंगला लावू नये, दाबून बसवू नये, टोचू तर अजिबात नये. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात तर विचारायलाच नको. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेइतके काहीच मारक नाही. उशीखाली फोन ठेवून चार्जिंग करण्याची सवय तर आजच सोडावी.

फोन जुना, ॲप नवे

आता जी गोष्ट सांगायची आहे ती दुकानात कोणी सांगणार नाही. सॉफ्टवेअर जड होत जाते, हातातला फोन तोच राहतो, आणि मधल्या फरकाचे बिल वापरणाऱ्याकडे येते. याचा सर्वांत मोठा अनुभव महाराष्ट्रात आपल्या अंगणवाडी ताईंनी घेतला आहे.

२०१९ मध्ये राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाडी सेविकांना सरकारी स्मार्टफोन मिळाले. त्यांची रॅम होती अवघी दोन जीबी. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुने ॲप बाजूला ठेवून 'पोषण ट्रॅकर' हे नवे ॲप आणले. त्या फोनला ते पेलेना. फोन तापायचे, अडकायचे, बंद पडायचे. हमीची मुदत संपलेली. दुरुस्तीचा हजारो रुपयांचा खर्च तुटपुंज्या मानधनातून सेविकांनीच करावा अशी वेळ आली. त्यात ॲपची भाषा इंग्रजी. तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये अंगणवाडी कर्मचारी कृती समितीच्या हाकेवरून राज्यभरातील सेविकांनी ते फोन सरकारच्या कार्यालयात नेऊन परत केले. नोंदी ठेवायला आमचा नकार नाही, पण काम करायला धड साधन द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढे फेब्रुवारी २०२३ च्या संपानंतर नवे फोन देण्याचे सरकारला मान्य करावे लागले. तरी ओझे थांबलेले नाही. जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहराही ॲपवर पडताळणे सक्तीचे झाले. म्हणजे पुन्हा कॅमेरा, पुन्हा नेट, पुन्हा बॅटरी.

हे फक्त गरिबाच्या फोनचे होते असेही नाही. ॲपल या बड्या कंपनीने २०१७ च्या आरंभी दिलेल्या एका अपडेटने जुन्या बॅटरीचे आयफोन मुद्दाम संथ केले होते. फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून असे केले, असे कंपनी म्हणाली. पण ग्राहकाला ते स्पष्ट सांगितले नव्हते. बोभाटा झाल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये तिने माफी मागितली आणि अमेरिकेत ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला बदलून दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या ग्राहक व स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोठावला. सॅमसंगचा दोष काय, तर नव्या फोनसाठी बनवलेले सॉफ्टवेअर जुन्या फोनवर घ्यायला लावले. जानेवारी २०२५ मध्ये गुगलच्या पिक्सेल ४ए फोनचे तेच झाले. अपडेटनंतर काही फोनची बॅटरी पूर्वीइतकी पुरेना. तेव्हा कंपनीने फुकट बॅटरी बदलून देण्याची किंवा पैसे देण्याची तयारी दाखवली. मागणाऱ्यांना मिळाले, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडेही दार उघडे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. लातूरला तो आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करावा; तिथे मराठीत बोलता येते. जानेवारी २०२५ मध्ये नव्या अपडेटनंतर आयफोन नीट चालत नाहीत अशा तक्रारी याच हेल्पलाईनवर आल्या आणि त्यावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस काढली. तक्रार करताना फोनचे बिल, अपडेट कोणत्या तारखेला झाले ती तारीख आणि 'बॅटरी' पानाचा स्क्रीनशॉट जवळ असू द्यावा. बिल नसेल तर सगळेच अडते.

मग अपडेट घ्यायचेच नाही का? तसेही करून चालत नाही. त्यात चोरट्यांपासून बचावाच्या दुरुस्त्या असतात आणि फार जुन्या सॉफ्टवेअरवर बँकेची ॲप चालेनाशी होतात. फक्त दिवस आपण निवडावा. दवाखान्याचा, परीक्षेच्या अर्जाचा, केवायसीचा आदला दिवस नको. चार-आठ दिवस थांबून, तसाच फोन असलेल्या दुसऱ्या कोणाला त्रास झाला का ते विचारून, फोटो दुसरीकडे ठेवून, पुरेसे चार्जिंग असताना ते घ्यावे.

मावशींची ई-केवायसी पुढच्या आठवड्यात झाली. त्या दिवशी त्या शेजारणीचा चार्जर पिशवीत घालून गेल्या होत्या. नातवाला आता सक्त ताकीद आहे. फोनने काहीही विचारले तरी 'होय' दाबण्याआधी आजीला विचारायचे.